पेठेचा जीर्णोद्धार आणि पेठकऱ्यांचा महजर

जुन्या शहराच्या गाभ्यांतील पेठांचा जीर्णोद्धार कोणत्या रीतीनें व्हावा, आणि त्याच्या आखणींत तेथें राहणाऱ्या लोकांचा हात कितपत असावा, हा प्रश्न स्थापत्यविशारदांचा व नगरपालिकेचा आहे. इतिहाससंशोधकाचा त्याशीं संबंध काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें निरसन करावें या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे. पेठ वसविण्याचे कौल, पेठेंतील तंट्यांचे महजर व निवाडपत्रें, घरांचीं खरेदीखतें व वांटणीपत्रें आपण रुमालांतून नित्य पाहतों. हे कागद आज ज्या पेठांसंबंधाचे आहेत, त्याच पेठा पाडून नव्यानें बांधण्याच्या योजना मुंबई-पुण्यांत चालू आहेत. तेव्हां या कागदांत दिसणारी रीत आणि आजची रीत यांचा मेळ कोठें बसतो व कोठें बसत नाहीं, हें पाहणें संशोधकाच्या कक्षेंतलेंच आहे. आमचें प्रतिपाद्य एवढेंच कीं, जुन्या वस्तीची खरी पाहणी तेथील रहिवाशांच्या साक्षीवांचून होत नाहीं, आणि ती साक्ष आराखडा ठरण्यापूर्वीं घ्यावयाची असते. आराखडा ठरल्यावर घेतलेली साक्ष ही फिर्याद होते. महजर होत नाहीं.

पेठ वसवावयाची म्हणजे प्रथम कौल द्यावयाचा, ही मराठेशाहींतील रीत वाचकांस विदितच आहे. सरकारांतून शेटे व महाजन यांस वतन करून द्यावें, त्यांनीं उदमी, कारागीर व इतर कुळें चहूंकडून आणून वसवावीं, आणि येणाऱ्यांस कांहीं वर्षें जकात व पट्ट्या माफ असाव्यात, अगर इस्ताव्यानें, म्हणजे दरसाल थोड्या थोड्या वाढवीत, घेतल्या जाव्यात, असा या कौलांचा सामान्य मजकूर असतो. पुण्यांत खासगीवाल्यांनीं शुक्रवार पेठ वसविली तेव्हां व्यापाऱ्यांस जकातीची अशीच सूट मिळाली होती. कौलाचें स्वरूप बारकाईनें पाहिलें तर तो निव्वळ हुकूम नव्हे हें ध्यानांत येतें. सरकारनें कांहीं द्यावयाचें व रयतेनें कांहीं करावयाचें, असा तो उभयपक्षीं करार आहे. अटी न पटल्या तर उदमी दुसऱ्या कसब्यांत जात, आणि पेठ कागदावरच राहत असे. या भयामुळेंच पेठ वसविणारास वसणारांचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें लागे.

महजराची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हद्दीचा, वाटेचा, विहिरीच्या पाण्याचा किंवा वतनाचा तंटा पडला म्हणजे निवाडा करण्यापूर्वीं गोत जमवावें, ज्यांस माहिती असेल त्यांच्या साक्षी घ्याव्या, आणि मग सर्वांच्या निशाण्यांसह कागद करावा, हा क्रम सर्वत्र आढळतो. ज्यांस अक्षर येत नाहीं ते आपल्या धंद्याचें चिन्ह करतात. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. सीमेच्या तंट्यांत तर महाराच्या साक्षीस विशेष किंमत असे, कारण शिवेची राखण त्याचे हातीं होती व कोठला दगड केव्हां हलला हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नसे. ज्यास सभेंत बसावयास जागा नाहीं त्याच्या माहितीवर मात्र निवाडा उभा राहतो, हा विरोधाभास या कागदांत पुष्कळ वेळां दिसतो. तो झांकून या संस्थेचा गौरव करणें योग्य नव्हे. गोतसभा म्हणजे आजच्या अर्थानें लोकसभा नव्हे. तींत वतनदारांचें वजन होतें. भाड्यानें राहणारा, मोलमजुरीचा माणूस, व बायका यांचें म्हणणें तींत क्वचितच उतरलें आहे. तथापि आधीं साक्ष व मग निवाडा हा क्रम तींत पक्का होता, आणि आमचा मुद्दा क्रमाचाच आहे.

गुजराथेंत, अमदाबादेच्या पोळांतून, हीच वृत्ति निराळ्या रूपानें टिकून होती. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आंतील गल्ल्यांचा समूह. दरवाजाची दुरुस्ती, पहारेकऱ्याचा पगार व विहिरीची निगा हीं कामें पोळवाल्यांनीं वर्गणींतून करावयाचीं, आणि घर विकावयाचें झाल्यास तें प्रथम पोळांतील माणसास विचारून मग बाहेरच्यास द्यावयाचें, असा प्रघात एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटियरानें नमूद केला आहे. अमदाबादेवर पेशवे व गायकवाड यांचा अंमल १८१७ पर्यंत होता. तेव्हां ही व्यवस्था आपल्या दप्तरांसही परकी नाहीं.

हा क्रम तुटला तो प्लेगच्या सालांत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला व पुढच्या वर्षीं पुण्यांत पसरला. पुण्यांतील घरझडतीची हकीकत व २२ जून १८९७ ची घटना येथें पुन्हा सांगण्याचें कारण नाहीं. मुंबईंत १८९८ सालीं कायदा करून सुधारणा-विश्वस्तमंडळ, म्हणजे ज्यास लोक ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत तें, स्थापन झालें. दाट वस्तीच्या पोटांतून रुंद व सरळ रस्ते काढले कीं वारा खेळेल व रोग हटेल, अशी त्या काळची समजूत होती. त्या समजुतीनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड निघाले. रस्ते चांगले झाले यांत संशय नाहीं. त्यांचा उपयोग आजही होत आहे. परंतु रस्त्याच्या रेषेंत ज्यांचीं घरें आलीं तीं कुटुंबें शेजारच्या आळींत जाऊन भरलीं, आणि जी दाटी एका ठिकाणीं मोडली ती दुसऱ्या ठिकाणीं वाढली. नकाशावर रेघ ओढणाऱ्यास ही दाटी दिसत नाहीं, कारण ती नकाशाच्या बाहेर झालेली असते. शेजाऱ्यास विचारलें असतें तर त्यानें ती आधींच सांगितली असती.

या पद्धतीस ज्या एका माणसानें आपल्या देशांत हिंडून, शहरामागून शहर पाहून, विरोध केला तो पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटलंडचा, जन्म १८५४. धंद्यानें वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडी येथील कॉलेजांत त्या विषयाचा अध्यापक. याचें लग्न १८८६ सालीं ॲना मॉर्टन हिच्याशीं झालें, आणि त्यानंतर लवकरच हें जोडपें एडिंबरोच्या जुन्या शहरांतील जेम्स कोर्ट नांवाच्या एका मोडकळीस आलेल्या चौकांत रहावयास गेलें. तो चौक म्हणजे सुखवस्तु लोक सोडून गेलेली, गरिबांनीं खच्चून भरलेली वस्ती होती. तेथें राहून त्यानें शेजाऱ्यांना बरोबर घेऊन प्रथम केलें तें झाडलोट, सफेती व खिडक्यांत फुलझाडें लावणें. मग एकेक पडकें घर दुरुस्त करावें, अगदींच टाकाऊ तेवढें पाडून त्या जागेवर लहानशी बाग करावी, असें पाऊल त्यानें टाकलें. वैद्यानें रोग्याचा अवयव वांचवीत शस्त्र चालवावें तसें हें काम असल्यामुळें त्यानें त्यास रक्षणपूर्वक शस्त्रक्रिया अशा अर्थाचें नांव दिलें. शस्त्रक्रियेपूर्वीं निदान हवें. म्हणून आराखड्यापूर्वीं पाहणी, हा त्याचा दुसरा सिद्धांत. एडिंबरोंतील त्याच्या कामास एक उणेपणाही होता, तो सांगितला पाहिजे. राजवाड्याच्या रस्त्याच्या माथ्यावर, किल्ल्याजवळ, त्यानें उभारलेलें रॅमसे गार्डन हें सुंदर गृहसंकुल अध्यापक, विद्यार्थी व कलावंत यांच्या वांट्यास आलें. वस्ती सुधारली कीं मूळ वस्तीकर तेथें राहतोच असें नाहीं, ही अडचण तेव्हांपासून आहे.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या बोलावण्यावरून १९१४ सालीं गेडिस हिंदुस्थानांत आला. नगररचनेसंबंधीं नकाशे व चित्रें यांचें एक मोठें प्रदर्शन त्यानें वर्षानुवर्षें जमविलें होतें. तें ज्या जहाजांतून येत होतें तें एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. आयुष्याचा संग्रह एका दिवसांत समुद्राच्या तळाशीं गेल्यावर माणसाची काय अवस्था होते हें आमच्या संग्राहक वाचकांस सांगावयास नको. त्यानें मित्रांकडून पुन्हा नकाशे मागविले, आणि १९१५ च्या जानेवारींत मद्रासेस प्रदर्शन भरविलें. प्रदर्शनाचा त्याचा हेतु पदवीधरांचें ज्ञान वाढविण्याचा नव्हता. ज्या शहरांत प्रदर्शन भरेल त्या शहराचे जुने नकाशे, देवळांचीं व तलावांचीं चित्रें त्यांत मांडावयाचीं, म्हणजे तेथला रहिवासी आपलें शहर ओळखील, चुकलेलें दाखवून देईल, व बोलूं लागेल, अशी त्याची योजना होती.

मद्रास इलाख्याच्या दौऱ्यांतील तंजावरचें काम आम्हां मराठ्यांस विशेष जवळचें. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत जें राजघराणें तेथें नांदलें, त्याच्या किल्ल्याच्या आवारांतलीच ही वस्ती. १७९९ सालीं राज्य इंग्रजांकडे गेलें तरी किल्ला सरफोजीराजांकडे राहिला होता, आणि सरस्वतीमहालांतील मोडी कागद ज्या लोकांनीं लिहिले त्यांचीं घरें याच गल्ल्यांत होतीं. या दाट वस्तीवर सरळ रेषेचे नवे रस्ते घालून ती मोकळी करावी अशी योजना पुढें होती. गेडिसनें ती नकाशावर तपासली नाहीं. गल्लीगल्लींतून पायीं हिंडून तपासली. त्यास असें आढळलें कीं, जाण्यायेण्यास जुन्या गल्ल्या पुरेशा आहेत, जागोजाग पडक्या घरांचे उकिरडे झालेले आहेत, आणि जीं अगदीं वाईट घरें आहेत तीं थोडीं आहेत. तेवढींच काढून, पडक्या जागा साफ करून, एखाद्या देवळापुढें किंवा विहिरीपाशीं झाड लावून बसावयाची जागा केली, तर प्रत्येक घरास हवा मिळते, आणि राहतीं चांगलीं घरें पाडावीं लागत नाहींत. नुकसानभरपाई देण्याचीं घरेंच कमी झाल्यामुळें खर्चही मूळ योजनेच्या मानानें कित्येक पटींनीं उतरतो, हें त्यानें हिशेबानें दाखविलें. पुढें १९१७ सालीं लाहोरच्या पाहणींतही त्यानें हाच आक्षेप घेतला कीं, ज्या वाटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनें पडल्या आहेत त्यांना कारण असतें. त्या पुसण्यापूर्वीं तें कारण शोधलें पाहिजे. वहिवाट हा शब्द त्यास माहीत असता तर त्यानें खचित वापरला असता.

इंदूरची हकीकत अधिक विस्तारानें देण्याजोगी आहे. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारानें गेडिसला शहराच्या सुधारणेचा अहवाल करावयास सांगितलें. १९१८ सालीं होळकर सरकारच्या छापखान्यांत तो दोन भागांत छापला गेला. त्याच्या हिंदुस्थानांतील अहवालांत हा सर्वांत मोठा. पाहणीस आरंभ केला तेव्हां शहरांत प्लेगचें भय होतें, आणि हातांत नकाशे घेऊन गल्ल्यांतून हिंडणाऱ्या दाढीवाल्या म्हाताऱ्या साहेबास पाहून लोक दूर सरत. हाच प्लेग आणतो, अशी त्याच्याकडे बोट दाखवून कुजबूज होई. ही समजूत अडाणीपणाची म्हणून सोडून देण्याजोगी नाहीं. वीस वर्षांच्या अनुभवानें लोकांनीं एवढें ताडलें होतें कीं, नकाशावाला साहेब आला म्हणजे मागोमाग घर पाडण्याचा हुकूम येतो. त्यांचा तर्क गेडिसपुरता चुकीचा होता; पद्धतीपुरता बरोबर होता.

ज्यांचा आपल्यावर विश्वास नाहीं त्यांच्याकडून साक्ष कशी मिळावी? पत्रकें वांटून वा सभा भरवून हें होणार नाहीं, हें गेडिसनें ओळखलें. त्यानें महाराजांकडून एक दिवसापुरता दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला, आणि दवंडी पिटविली कीं, या वर्षींची मिरवणूक हिंदूंच्या ठरलेल्या वाटेनें जाणार नाहीं व मुसलमानांच्याही ठरलेल्या वाटेनें जाणार नाहीं. ज्या आळींतील लोक आपलीं घरें व गल्ल्या अधिक साफ व दुरुस्त करतील त्या आळींतून ती जाईल. कचरा नेण्यास गाड्या फुकट मिळतील. मग काय विचारावें! हजारों गाड्या केरकचरा बाहेर पडला, उंदीर धरले गेले, भिंतींस रंग चढले, आणि प्रत्येक आळी आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून झटूं लागली. मिरवणुकींत घोडेस्वार, उंट व हत्ती होते, लक्ष्मीची स्वारी होती. तिच्यामागें घाणीचा राक्षस व प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा. त्यानंतर शहरचे झाडूवाले, नवे पांढरे कपडे व पागोटीं घालून, नव्या झाडूंस फुलें बांधून, रंगविलेल्या गाड्यांसह चालत होते. त्यांच्या पाठीमागें शहराचे अधिकारी, आणि मग होऊं घातलेल्या ग्रंथालय, पदार्थसंग्रहालय इत्यादि इमारतींचे मोठाले नमुने गाड्यांवर मांडलेले. शेवटीं राक्षस व उंदीर यांचें दहन झालें, आणि घरोघर तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं.

ही हकीकत मुख्यतः गेडिसच्याच तोंडची आहे. त्यानें ती आपल्या शिष्यमंडळींत सांगितली व अमेलिया डेफ्रीस हिच्या १९२७ च्या पुस्तकांतून ती प्रसिद्ध झाली. तेव्हां करीना वा बखर यांस आपण जितकें प्रमाण मानतों तितकेंच तिलाही मानावें. त्यानंतर प्लेग ओसरला हें खरें. पण त्याचा ऋतुही तेव्हां संपत आला होता. मात्र या कथेंतील जो भाग आमच्या प्रतिपाद्यास लागू आहे तो औषधाचा नसून क्रमाचा आहे. घर पाडण्याच्या आधीं घरवाल्यानें स्वतः तें उघडून दाखविलें. माळ्यावर काय आहे, परसांत काय साचलें आहे, मोरी कोठें तुंबते, भिंत कोठें फुगली आहे, हें कोणत्याही पाहणीदारास दिसलें नसतें तें मिरवणुकीच्या निमित्तानें रस्त्यावर आलें. शिवाय झाडूवाल्यांस मिरवणुकींत अधिकाऱ्यांच्या पुढें चालविलें, यांतही नुसती भूतदया नव्हती. शिवेची माहिती महारास असे त्याप्रमाणें, शहराचें पाणी कोठें मुरतें व कोठें तुंबतें हें त्यांच्याइतकें कोणासच ठाऊक नव्हतें.

गेडिसचें काम वंदनीय मानूनही एक गोष्ट नमूद करणें भाग आहे. इंदूरकरांनीं घरें साफ केलीं, पण आराखड्यावर त्यांचा शेवटचा अधिकार नव्हता. तो दरबारचा होता, आणि दरबाराच्या वतीनें गेडिसचा. लोकांचें म्हणणें काय आहे हें तोच पाहून, ताडून, लिहून काढी. महजराखालीं निशाण्या असतात. गेडिसच्या अहवालाखालीं एकच सही आहे. १९१९ ते १९२४ पर्यंत तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला अध्यापक होता व गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याच्या हाताखालीं शिकले. परंतु मुंबईच्या नगररचनेवर त्याचा ठसा म्हणावा तसा उमटला नाहीं. १९१५ सालचा मुंबई इलाख्याचा नगररचनेचा कायदा, जो हिंदुस्थानांतील अशा स्वरूपाचा पहिला, तो मोकळ्या जमिनीच्या आखणीसाठीं होता. जुन्या पेठेची दुखणीं त्यांत बसण्यासारखीं नव्हतीं.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास थोडक्यांत देतों. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं १९४० च्या सुमाराच्या दरावर गोठलीं. भाडेकरूस आसरा मिळाला, पण दुरुस्तीस मालकाजवळ पैसाही उरला नाहीं व इच्छाही उरली नाहीं. मुंबईंत इमारती कोसळूं लागल्या, तेव्हां १९६९ सालीं कायदा करून दुरुस्ती-मंडळ निघालें व दुरुस्तीचा उपकर बसला. उपकराखालीं आलेल्या इमारती सुमारें साडेएकोणीस हजार होत्या. पुढें दुरुस्तीपेक्षां पाडून बांधणें किफायतीचें ठरावें असे नियम झाले, आणि त्यांत रहिवाशांच्या संमतीचें प्रमाण घातलें गेलें. तें प्रथम शेंकडा सत्तर होतें, मागाहून शेंकडा एक्कावन झालें. संमति पाहिजे हें कायद्यानें मानलें ही मोठीच गोष्ट होय. परंतु संमति कशास, तर दुसऱ्यानें करून आणलेल्या नकाशास. रहिवाशास ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच म्हणतां येतें. ‘आमच्या चौकांतला आड बुजवूं नका, त्यास उन्हाळ्यांतही पाणी असतें’ असें सांगण्यास त्या कागदांत रकाना नाहीं.

शहरव्यापी आराखड्याचीही तीच गत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणें मसुदा प्रसिद्ध करून मग हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईचा असा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला, तेव्हां उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा म्हणून नोंदलेल्या वास्तु गळालेल्या, व प्रार्थनास्थळें भलत्याच खुणेनें दाखविलेलीं लोकांस आढळलीं. हरकतींचा पाऊस पडला, आणि एप्रिलांत राज्यसरकारनें तो मसुदा मागें घेऊन दुरुस्त करावयास सांगितलें. सुधारलेला आराखडा २०१८ सालीं मंजूर झाला. हीं स्थळें चुकलीं तीं कोणाच्या दुष्टपणानें नव्हे. आकाशांतून घेतलेल्या चित्रांत देऊळ व दुकान सारखेंच दिसतें. समोरच्या पानवाल्यास विचारलें असतें तर चूक राहती ना.

कौलाच्या धर्तीवर अर्वाचीन काळीं एका शहरानें जीर्णोद्धार केल्याचें ठळक उदाहरण आपल्या देशाबाहेरचें आहे. परंतु तें इतकें उद्बोधक आहे कीं येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. इटलींतील बोलोन्या या प्राचीन शहरानें १९६९ सालीं आपल्या सबंध जुन्या गाभ्याच्या रक्षणाचा आराखडा केला. मुख्य योजक पिएर लुईजी चेरव्हेल्लाती. त्यापूर्वींच तेथें प्रत्येक विभागाची स्वतंत्र रहिवासी-समिति नेमण्याची प्रथा पडली होती, व आराखड्याची चर्चा त्या समित्यांतून झाली. १९७३ सालीं पालिकेनें असा बेत केला कीं, पडीक घरें सक्तीनें ताब्यांत घ्यावीं व दुरुस्त करून गरिबांस द्यावीं. हेतु चांगला, पण लहान लहान घरमालकांनीं त्यास तीव्र विरोध केला. पालिकेनें आग्रह सोडला आणि दुसरा मार्ग काढला. दुरुस्तीच्या खर्चांत पालिकेनें हातभार लावावा, आणि मालकानें ठराविक मुदतीपर्यंत जुन्याच भाडेकरूस ठरल्या भाड्यानें ठेवावें, असा करारनामा मालकाशीं व्हावा. सरकारनें सूट द्यावयाची, रयतेनें वस्ती राखावयाची, आणि मुदत बांधलेली. आपल्या कौलनाम्याहून हें निराळें तें काय? भाडेकरूचें नांव मात्र आपल्या जुन्या कौलांत नसे, त्यांच्या करारांत तें आलें, एवढा फरक. विरोधामुळें योजना मोडली नाहीं, उलट सुधारली. कारण विरोध ऐकून घेण्याची जागा आधींच केलेली होती.

अमदाबादेंतही १९९६ पासून पालिकेनें वारसा-रक्षणाचा विभाग स्थापला आणि पोळांतून लोकांस हिंडविण्याची प्रथा पुढच्या वर्षीं सुरू केली. कालुपुरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून जुम्मा मशिदीपर्यंत ही फेरी जाते. २०१७ सालीं युनेस्कोनें त्या शहरास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. हिंदुस्थानांतील असें तें पहिलें शहर. बिरुद मिळाल्यानें पोळांतील लांकडी घरांची दुरुस्ती आपोआप होत नाहीं हें खरें. पण पोळवाल्यांस आपल्या गल्लींत परकें माणूस कौतुकानें येतें हें दिसल्यानें त्यांचें स्वतःचें पाहणें बदलतें, हा गेडिसच्या प्रदर्शनाचाच गुण होय.

आतां पुण्याकडे व आमच्या धंद्याकडे वळूं. पुण्याच्या जुन्या पेठांत वाडा पाडावयाचा ठरला म्हणजे त्याच्या लांकडास गिऱ्हाईक येतें, जुन्या तांब्यापितळेस येतें, आणि अलीकडे कोरीव तुळ्याखांबांसही येतें. कागदास सर्वांत शेवटीं येतें, किंवा येतच नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील कित्येक दप्तरें चिखलांत गेलीं, तो दैवाचा घाला झाला. दररोज रद्दींत जातात तीं दैवानें जात नाहींत. संग्राहक येथें धांवून जातो तो पेशव्यांचें वा सरदाराचें पत्र मिळेल या आशेनें, आणि तसें पत्र काढून घेऊन उरलेला रुमाल तेथेंच टाकतो. उरलेल्यांत काय असतें? खरेदीखतें, वांटणीपत्रें, गहाणखतें, भाडेचिठ्ठ्या, सामाईक भिंतीच्या कबुलायती, पागोळीचें पाणी कोणाच्या अंगणांत पडावें याबद्दलचे तंटे, हौदावरून पाणी भरण्याच्या वहिवाटी. राजकारणाच्या इतिहासास हें निरुपयोगी. पेठेच्या जीर्णोद्धारास मात्र याहून मोलाचा कागद दुसरा नाहीं.

कात्रजच्या तलावापासून अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला नळ पुण्यांत ज्या ज्या हौदांस पाणी देई, त्यांतील कित्येकांचा आज मागमूसही राहिलेला नाहीं. परंतु जमिनीखालील बांधीव मार्ग व त्याचे उच्छ्वास कोणाच्या परसांतून गेले होते, हें घरांच्या जुन्या कागदांत व म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत सांपडण्याचा संभव असतो. पाया खणतांना अवचित पाणी लागलें म्हणजे ठेकेदार पंप लावतो. दोन्ही साक्षी आधीं घेतल्या असत्या तर तें पाणी कोठून येतें हें कळलें असतें, आणि त्याचा उपयोगही झाला असता.

यासाठीं आमच्या मतें संशोधकांनीं एक काम अंगावर घ्यावें. आपल्याकडील प्रत्येक खरेदीखतांत चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस तमक्याची परडी, दक्षिणेस राजरस्ता. एकट्या खताच्या चतुःसीमेवरून फारसा बोध होत नाहीं, कारण शेजाऱ्यांचीं नांवें पिढीगणिक बदलतात. परंतु एका बोळांतील सर्व घरांचीं खतें एकत्र ठेवून पाहिलीं तर एकाची पूर्वसीमा ती दुसऱ्याची पश्चिमसीमा, अशी सांखळी जुळत जाते, आणि कोणता बोळ केव्हां बुजला, कोणता आड सामाईक होता, कोणती वाट सर्वांची होती व कोणी ती अडविली, हें कालानुक्रमानें मांडतां येतें. हें काम एकट्या संग्राहकाचें नव्हे. खतें लोकांच्या घरीं आहेत व तीं लोकांनींच आणून दाखवावयाचीं आहेत. मालकानें खत आणावें, भाडेकरूनें भाडेचिठ्ठी आणावी, पाणी भरणाऱ्या बाईनें वहिवाट सांगावी. वाचणारानें वाचून दाखवावें, नक्कल करून मूळ कागद मालकास परत करावा, आणि नकाशावर सर्वांच्या देखत खूण करावी. अस्सल हातीं ठेवण्याचा मोह येथें आवरला पाहिजे, नाहींतर दुसऱ्या दिवशीं कोणी कागद आणणार नाहीं. असा खुणा केलेला नकाशा, खालीं सर्वांच्या सह्या घेऊन, पालिकेचा आराखडा निघण्यापूर्वीं पालिकेकडे गेला, तर त्यास साध्या हरकतअर्जाहून निराळें वजन येईल.

आरंभास सबंध पेठ घेऊं नये. दोन्ही तोंडें रस्त्यास लागलेला, पंचवीस-तीस घरांचा, अजून वाडे शिल्लक असलेला एक बोळ घ्यावा. मोडी वाचणारे दोघे, नकाशा काढणारा एक, आणि त्या बोळांत जन्म काढलेलें एक वडील माणूस, एवढ्यांनीं एका उन्हाळ्यांत तें काम पुरें होईल.